पाटीवर १४६–१७४, आपला बँड १४४–१४६: जुना जीएम३०० हॅम बँडवर आणताना

प्रश्न थोडक्यात असा. एका बंद पडलेल्या टॅक्सी कंपनीच्या भंगारातून मोटोरोला जीएम३०० चे दोन मोबाइल सेट मिळाले आहेत. एकाचा पल्ला १४६–१७४ मेगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४३८–४७०. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना आहे. पहिला १४५ वर बोलण्यासाठी आणि दुसरा ४३४ वर पॅकेटच्या (रेडिओवरून डेटा पाठवण्याच्या) दुव्यासाठी वापरायचा आहे. प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर मात्र दोन्ही फ्रिक्वेन्सी नाकारते. आतली कॉइल-कपॅसिटर बदलावी लागतील का?

बहुधा नाही. पण ‘बहुधा’वर थांबू नका, मोजून खात्री करून घ्या. कसे मोजायचे तेच पुढे सविस्तर लिहितो आहे.

इंटरनेटवर या सेटबद्दल जे साहित्य सापडते ते बहुतेक अमेरिकी हॅमनी लिहिलेले आहे. त्यांचा दोन मीटर बँड १४४ ते १४८ असल्यामुळे १४६–१७४ च्या सेटवर त्यांना निम्मा बँड काही न करता मिळतो. आपला बँड १४६ ला संपतो, म्हणजे पाटीवरचा पल्ला जिथे सुरू होतो तिथेच. सत्तर सेंटिमीटरवर, म्हणजे ४३४ च्या बँडवर, तर गंमतच आहे. जीएम३०० चे यूएचएफ सेट ४०३–४३३ आणि ४३८–४७० अशा पल्ल्यांत निघाले आणि आपला ४३४–४३८ नेमका मधल्या फटीत पडतो. त्यामुळे ‘काही करावे लागत नाही, थेट चालतो’ हा त्यांचा अनुभव जसाच्या तसा आपल्याला लागू होत नाही.

त्यातही ४३५–४३८ हा भाग जगभर हौशी उपग्रहांसाठी राखलेला आहे. जमिनीवरचा एफएम दुवा तिथे टाकू नये. उरते ४३४–४३५. दोन मीटरवरही १४५.८ ते १४६ उपग्रहांचे, अंतराळ स्थानकाचा आवाज १४५.८०० वरच येतो. तेव्हा तुमचे खरे लक्ष्य १४४ ते १४५.८ आणि ४३४ ते ४३५ एवढेच आहे. हे आधी ठरवले की पुढचे गणित सोपे होते. ४३८ वरून ४३४.५ ला यायचे म्हणजे ०.८ टक्के खाली उतरायचे, ४३३ वरून ४३४.५ ला जायचे म्हणजे जेमतेम ०.३५ टक्के वर चढायचे. म्हणून यूएचएफ सेट अजून घ्यायचा असेल, तर लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत शोधताना ४०३–४३३ चा मागा. सगळे ४३८–४७० च्या मागे धावतात, कारण आकडा बँडच्या आतला दिसतो. आपल्या कामाला खालच्या पल्ल्याचा सेट जास्त जवळचा आहे.

सेट ओळखताना मागची मॉडेल पाटी बघा. एम४३जीएमसी किंवा एम३३जीएमसी अशी सुरुवात असेल तर तो व्हीएचएफ (दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपासचा), एम४४ किंवा एम३४ असेल तर यूएचएफ. तिसरे अक्षर बँड सांगते, दुसरे पॉवरचा वर्ग. पाटी बदललेली किंवा निघालेली असणे भंगारात नेहमीचेच, म्हणून शेवटचा शब्द सॉफ्टवेअरने वाचलेल्या माहितीचा.

वीज जोडण्याआधी मल्टिमीटरने लाल-काळ्या तारांमधला रोध तपासा. उलट जोडणीपासून वाचवण्यासाठी आत पुरवठ्याला आडवा डायोड असतो. कुणी कधी तारा उलट्या जोडल्या असतील तर तो शॉर्ट होऊन बसतो आणि पुढचा प्रत्येक फ्यूज उडतो. सेट मेलेला समजून टाकून दिला जातो, बदलायचा असतो फक्त डायोड. पुरवठा १३.८ व्होल्टचा, ४० ते ४५ वॉटच्या सेटला निदान १२ अँपिअरचा घ्या. १० अँपिअरचा स्वस्त एसएमपीएस पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचे बटण) दाबताच मान टाकतो, सेट पुन्हा सुरू होतो आणि दोष सिंथेसायझरचा (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटचा) वाटतो.

सेट सुरू झाला पण आवाजच नाही, अशी तक्रार आली की आधी मागचा १६ पिनचा कनेक्टर पाहावा. आतल्या स्पीकरचा मार्ग तिथून बाहेर येऊन पिन १५ आणि १६ जोडणाऱ्या छोट्या जंपरमधून परत जातो. गाडीतून सेट काढताना तो प्लग तारांबरोबर जातो. १५–१६ जोडा, आवाज येतो.

आता प्रोग्रॅमिंग. इथेच सर्वांत जास्त सेट बिघडतात. सॉफ्टवेअर डॉसचे आहे, ते सीरियल पोर्टच्या चिपशी थेट बोलते (पहिला पोर्ट ३एफ८ या पत्त्यावर) आणि वेळेचा हिशोब प्रोसेसरच्या वेगावर करते. म्हणून खरा सीरियल पोर्ट असलेला जुना, मंद संगणक हवा. ४८६ उत्तम, सुरुवातीचा पेंटियम असेल तर वेग कमी करणारी युटिलिटी लावा. विंडोजच्या डॉस खिडकीतून नको. डॉसबॉक्स आणि यूएसबी-सीरियल वायरवर काम झाल्याची उदाहरणे आहेत, पण वाचणे जमले म्हणून लिहिणेही जमेल असे समजू नका. लिहिताना मध्येच संपर्क तुटला की मेमरी अर्धवट राहते आणि सेट सुरू झाल्यावर फक्त त्रुटीचा कोड दाखवतो. मध्ये रिब नावाची पेटी लागते. ती आरएस-२३२ च्या पातळ्या सेटच्या एका तारेच्या ५ व्होल्ट बसवर आणते. मॅक्स२३२ आणि दोन-तीन ट्रान्झिस्टरमध्ये घरी बनवता येते.

पहिले काम फक्त वाचण्याचे. जसा आहे तसा कोडप्लग (सेटच्या मेमरीतली सगळी माहिती) वाचा, फाइल सेटच्या सीरियल क्रमांकाने जतन करा, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. कोडप्लगमध्ये चॅनल असतातच, शिवाय त्या एका सेटची पॉवर, डेव्हिएशन (आवाजाने फ्रिक्वेन्सी किती हलते ते) आणि संदर्भ ऑसिलेटरची कारखान्यात घातलेली मूल्येही असतात. दुसऱ्या सेटची फाइल यात ओतली की ती मूल्ये गेली. दोन्ही सेट सारखे दिसतात म्हणून एकाचे दुसऱ्यात टाकण्याचा मोह अनेकांना नडतो.

बँडबाहेरची फ्रिक्वेन्सी सेट नाकारत नाही, नाकारते सॉफ्टवेअर. बऱ्याच आवृत्त्यांत शिफ्ट दाबून धरून वरच्या ओळीतले आकडे टाइप केले की पल्ल्याची तपासणी होत नाही आणि १४५.५०० सरळ स्वीकारली जाते. कीबोर्डची मांडणी अमेरिकी हवी आणि बाजूचा नंबर पॅड वापरायचा नाही. हे चालले नाही तर सॉफ्टवेअरच्या एमडीएफ फाइलमधल्या मर्यादा हेक्स एडिटरने बदलणारेही आहेत, पण तो उद्योग फाइलच्या प्रतीवरच करावा. याच बैठकीत टॅक्सी कंपनीचे सगळे जुने चॅनल पुसून टाका. हौशी परवान्यावर त्या फ्रिक्वेन्सींवर बोलायचा अधिकार तुम्हाला नाही, आणि स्कॅन यादीत विसरलेला चॅनल चुकून दाबलेल्या पीटीटीची वाट बघत असतो.

लिहून झाल्यावर सेट सतत टूं-टूं करू लागला आणि पीटीटीला पॉवर येत नसेल, तर सिंथेसायझर लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर स्थिरावत नाही, असे समजा. मूळ प्रश्नाचा गाभा इथेच आहे.

सेटमधला व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) एका नियंत्रण व्होल्टेजवर चालतो, मॅन्युअलमध्ये ही स्टिअरिंग लाइन. व्होल्टेज कमी झाले की व्हॅरॅक्टर डायोडची क्षमता (कपॅसिटन्स) वाढते आणि फ्रिक्वेन्सी खाली येते. कारखाना पाटीवरच्या पल्ल्यासाठी या व्होल्टेजला दोन्ही टोकांना थोडी जागा सोडतो. तापमान, जुने होणे आणि सेटासेटांतला फरक यासाठी ती जागा असते. आपण तीच वापरतो आहोत, त्यामुळे ती किती उरली हे माहीत हवे.

मोजायची पद्धत अशी. ग्रहण आणि प्रक्षेपण दोन्हींसाठी चार-पाच चॅनल भरा: १५०, १४८, १४६, १४५ आणि १४४.१. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा, ५० वॉट तरी झेपणारा डमी लोड. मल्टिमीटरच्या टोकाला १०० किलोओहमचा रोध जोडून मगच तो स्टिअरिंग लाइनला लावा. नाहीतर मीटरच्या लांब तारा गोंगाट पकडून लूपच हलवतात. मीटर १० मेगाओहमचा असेल तर या रोधामुळे वाचन फक्त एक टक्का कमी येते. प्रत्येक चॅनलवरचे व्होल्टेज आधी ग्रहणात, मग दोन-तीन सेकंद पीटीटी दाबून प्रक्षेपणात लिहून काढा. दोन्ही वेगवेगळे घ्यायचे, कारण ग्रहणात ऑसिलेटर फ्रिक्वेन्सीपासून पहिल्या आयएफइतका (रिसीव्हरच्या आतल्या मधल्या फ्रिक्वेन्सीइतका), या सेटमध्ये ४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, दूर चालतो. ऐकू येते पण बोलता येत नाही, किंवा उलट, ही तक्रार इथूनच येते.

समजा १५० ला २.९ व्होल्ट आणि १४६ ला २.१ आले. मेगाहर्ट्झमागे ०.२ व्होल्ट, म्हणजे १४४.१ ला सुमारे १.७ अपेक्षित. प्रत्यक्षात थोडे जास्तच दिसेल, कारण कमी व्होल्टेजला व्हॅरॅक्टर जास्त हळवा असतो आणि तेवढ्याच फरकासाठी कमी व्होल्ट लागतात. खालच्या टोकाला निदान अर्धा व्होल्ट उरला पाहिजे. त्याखाली लॉक टिकला तरी आरएफचे झोके व्हॅरॅक्टरला पुढच्या दिशेने वाहायला लावतात, गोंगाट वाढतो आणि शेजारच्या चॅनलवाल्यांच्या तक्रारी येतात. मीटर स्थिर दिसतो, दोष हवेत जातो.

मग उष्णतेची परीक्षा. थंड सेट सकाळी सुरू करून लगेच वाचन घ्या. नंतर डमी लोडवर पाच मिनिटे चालवून गरम करा, पुन्हा घ्या. मे महिन्यात विदर्भात बंद गाडीच्या डॅशबोर्डखाली सेट किती तापतो हे तिथल्यांना सांगायला नको, आणि टेबलावर १४४.१ ला लॉक होणारा सेट तिथे नेमका सुटतो. १४५.५०० साठी उतरण फक्त ०.३४ टक्के आहे, हा सेट तिथे न बदलता चालायला हरकत नाही. तुम्हाला १४५ वर बोलण्यापलीकडे काही नको असेल तर इथेच थांबा.

वाचन तळाला टेकत असेल तरच सोल्डरिंग. फ्रिक्वेन्सी क्षमतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून एक टक्का खाली यायला क्षमता दोन टक्के वाढवावी लागते. १४६ चे टोक १४४ वर न्यायचे तर २.८ टक्के. टँकची (व्हीसीओच्या कॉइल-कपॅसिटर जोडीची) एकूण क्षमता २० पिकोफॅरड धरली तर वाढ होते ०.५६. एनपीओ प्रकारचा अर्ध्या पिकोफॅरडचा चिप कपॅसिटर पुरतो. साधा एक्स७आर इथे लावला तर तापमानाबरोबर फ्रिक्वेन्सी सरकते. वरचे टोकही तेवढेच खाली येईल, १७४ ऐवजी १७१ च्या आसपास. त्याचे आपल्याला काय करायचे!

यूएचएफला आकडे फार बारीक आहेत. ४३८ वरून ४३४.५ साठी १.६ टक्के, म्हणजे टँक ८ पिकोफॅरडचा असेल तर ०.१३. असा कपॅसिटर बाजारात मागून मिळणे कठीण. एनॅमल्ड तारेचे दोन बारीक तुकडे तीन-चार मिलिमीटर एकमेकांना पिळून लावा आणि टोक थोडे थोडे कापत वाचन बघा. दरवेळी शील्डचे झाकण बसवूनच मोजायचे. झाकण काढल्यावर व्हीसीओ काही मेगाहर्ट्झ सरकू शकतो, त्यामुळे उघड्यावर केलेली जुळणी झाकण लावताच वाया जाते. काम झाल्यावर तारेवर मेणाचा थेंब टाका. नाहीतर रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा ठोका तुमच्या आवाजात ऐकू येईल.

लॉक झाला म्हणजे रिसीव्हर ऐकतोच असे नाही. पुढचे फिल्टर पाटीवरच्या पल्ल्यासाठी जुळवलेले असतात. सिग्नल जनरेटरने १२ डीबी सिनाडसाठी (आवाज नीट समजण्याच्या मापासाठी) किती मायक्रोव्होल्ट लागतात ते १५० ला आणि १४५.५ ला मोजा. पल्ल्यात ०.३५ आणि बाहेर ०.७ लागत असेल तर ६ डीबी गेले, अर्थात हाती चौथा हिस्सा पॉवर उरली. एक-दोन डीबीसाठी हात लावू नका. सहा असतील तर आधी फिल्टरची जुळणी मॅन्युअलप्रमाणे तपासा, पुढे प्रीअँप्लिफायर लावून भागवू नका. शहरात शेजारच्या वायरलेस टॉवरांनी तो लगेच भरून जातो.

प्रक्षेपणाची जुळणी सॉफ्टवेअरच्या सर्व्हिस मेन्यूत होते. आधी फ्रिक्वेन्सी. ४३४.५ ला २.५ पीपीएमची (दशलक्षात अडीच भागांची) चूक म्हणजे जवळपास १.१ किलोहर्ट्झ. पॅकेटला ती जाणवते, विशेषतः दोन टोकांचे सेट विरुद्ध दिशेने सरकलेले असतील तर. मग डेव्हिएशन. सेट २५ किलोहर्ट्झच्या चॅनलचा असेल तर कमाल ५, साडेबाराचा असेल तर अडीच. तुमच्या गावातला रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारे केंद्र) जसा असेल तसे ठेवा. रुंद आवाज अरुंद रिसीव्हरवर पडला की मोठ्याने बोलताच अक्षरे तुटतात, आणि दोष बहुधा माइकला दिला जातो. सीटीसीएसएस टोनचे (रिपीटर उघडणाऱ्या, आवाजाखालच्या सुराचे) डेव्हिएशन ५०० ते ८०० हर्ट्झ पुरे.

हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) तपासताना एक सावधगिरी. छोट्या हातातल्या स्पेक्ट्रम अॅनालायझरच्या इनपुटला १० मिलिवॉटपेक्षा जास्त सहन होत नाही. ४५ वॉट म्हणजे ४६.५ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल), तेव्हा मध्ये निदान ५० डीबीचा क्षय हवा, आणि त्यातला पहिला ३० डीबीचा अॅटेन्युएटर पूर्ण पॉवर पचवणारा हवा. लहान अॅटेन्युएटर पहिला लावला तर तो जळतो आणि त्याच्यामागे अॅनालायझरही.

पॉवर कमी ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. हे सेट गाडीतल्या वापरासाठी आहेत, त्यांची पूर्ण पॉवर ५ टक्के बोलणे, ५ टक्के ऐकणे, ९० टक्के शांतता या हिशोबाची. पॅकेटचा दुवा किंवा रिपीटर तासन् तास बोलतो. तिथे १० वॉट आणि हीटसिंकवर फुंकणारा १२ व्होल्टचा पंखा. ४० वरून १० वॉटला आल्याने समोरच्याला ६ डीबी कमी मिळतात. त्यातले निम्मे केबल सुधारून परत मिळतात. ४३४ वर साध्या आरजी-५८ च्या १० मीटरमध्ये सुमारे ३ डीबी, म्हणजे निम्मी पॉवर, केबल तापवण्यात जाते.

पॅकेटसाठी मागचा १६ पिनचा कनेक्टर वापरा, माइकचा नको. पिन ३ पीटीटी, पिन ७ ग्राउंड, पिन ११ वर आलेला आवाज, पिन ५ वर सपाट ध्वनी आत जाण्यासाठी, पिन २ माइकसारखा प्रीएम्फसिस होऊन (उंच सूर वाढवून) जाणारा. १२०० बॉडच्या डेटा वेगाला पिन २ चालते. ९६०० करायचे असेल तर पिन ५ च हवी, आणि पिन ११ वर सपाट आवाज यावा म्हणून आतला जेयू५५१ जंपर त्या स्थितीत ठेवा. जंपर दुसऱ्या स्थितीत राहिला तर स्क्वेल्चने (सिग्नल नसताना आवाज दाबणाऱ्या सर्किटने) आवाज दाबलेला असताना काहीच बाहेर येत नाही आणि प्रत्येक पॅकेटची सुरुवात कापली जाते. आत जाणाऱ्या बाजूला १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर आणि डीसी अडवणारा १ मायक्रोफॅरड. पोटेन्शिओमीटर शून्यावरून सुरू करून ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशनपर्यंतच न्या. पॅकेट जात असताना माइक खरेच बंद राहतो का तेही ऐकून बघा, नाहीतर खोलीतला पंखा आणि टीव्ही डेटात मिसळतात. टीएक्सडिले (पीटीटीनंतर डेटा सुरू होईपर्यंतची वाट) सुरुवातीला ३० ठेवा, म्हणजे ३०० मिलिसेकंद, मग दुवा सुटेपर्यंत कमी करत आणा. बिझी चॅनल लॉकआउट (चॅनल व्यस्त असताना बोलू न देणारी सोय) पॅकेटच्या चॅनलवर बंद. टाइमआउट टायमर मात्र चालू ठेवा. टीएनसी (पॅकेटचा मोडेम) अडकला तर तोच वाचवतो.

अँटेना टॅक्सीची तीच लावली तर ती १५५ च्या आसपास कापलेली असेल. पाव तरंगलांबी १४५ ला साधारण ४९ सेंटिमीटर, ४३४.५ ला १६.४. आखूड रॉड वाढत नाही, नवा घ्या, थोडा लांब ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी दाखवणारे माप) बघत कापा. सेटच्या मागे मिनी-यूएचएफ कनेक्टर आहे. त्याला साध्या पीएल-२५९ चा अॅडॉप्टर लावायचा तर एकच लावा. अॅडॉप्टरवर अॅडॉप्टर जोडून टांगलेल्या जाड केबलचे वजन शेवटी मागच्या सॉकेटच्या सोल्डरवर येते आणि काही महिन्यांनी रिसीव्हर अधूनमधून बहिरा होऊ लागतो.